मातीच्या घोड्याचा चौथा पाय

गडचिरोलीच्या पुढं एका नाक्यावर पोलिसानं मला गाडीची डिकी उघडायला लावली. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली माती, खडूंचे डबे, रंगीत कागद, चार कात्र्या आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या होत्या. त्यानं मातीत बोट खुपसून पाहिलं.

"हे काय नेऊन राह्यले मॅडम?"

"माती."

"जंगलात माती नाई का?"

"आहे, पण तिच्यात खडे फार. ही नागभीडच्या बोडीतल्या गाळाची आहे, मळून घेतलेली."

"मंग करता काय हिचं?"

"लोकांना देवाबद्दल विचारते," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मातीकडं, आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी खुर्चीवरूनच विचारलं, "शाळेच्या बाई आहेत का?" मी हो म्हटलं आणि सुटले. शाळा सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. पण ड्रॉइंगच्या बाईंना कोणी अडवत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

ऊर्जानगरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं चित्रकला शिकवली. यजमान वीजकेंद्रात, राहायला क्वार्टर, सगळं हाकेच्या अंतरावर. तिथंच राहून पेन्शन घेतली असती. पण एकदा शाळेच्या चित्रप्रदर्शनाला कारेमोरे सर आले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर चंद्रपुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन धर्मविचाराचं अभ्यास केंद्र चालवणारे. सहावीच्या मुलांची चित्रं ते तासभर बघत राहिले आणि मला म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं लोकांना विचारतो आहे की देव म्हणजे काय. सगळे मला एकच उत्तर देतात. मला वाटतं, चूक माझ्या प्रश्नात आहे." स्वतःच्या प्रश्नावर संशय घेणारा प्राध्यापक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. वर्षभरात शाळा सोडली आणि त्यांच्याकडं गेले. पुढची अकरा वर्षं हेच काम केलं.

काम कसं असतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून नीट कळलेलं नाही. माणसाला देवाबद्दल विचारलं की तोंड पटकन उत्तर देतं. देव एकच आहे, देव चराचरात आहे, देव भावाचा भुकेला आहे. खोटं काहीच नसतं, पण ते त्या माणसाचं नसतं. कीर्तनातून, टीव्हीतून, वडीलधाऱ्यांकडून आलेलं असतं. हाताला मात्र अशी तयार उत्तरं येत नाहीत. हातात माती दिली की माणूस आधी गोंधळतो, मग गप्प होतो, आणि मग काहीतरी करू लागतो. त्या करण्यात तो जे ठरवतो, ते त्याचं असतं. आम्ही ते बघायचं, तो बोलेल ते लिहून घ्यायचं, आणि मग सरांनी त्याच्यावर विचार करायचा. अशी वाटणी होती. विचार त्यांचा, चिखल माझा.

माझे नियम थोडेच होते. 'छान' म्हणायचं नाही, कारण छान म्हटलं की माणूस आपल्यासाठी करू लागतो. 'हे काय आहे' असं विचारायचं नाही, 'याच्याबद्दल सांगा' म्हणायचं. आणि दुसऱ्याच्या वस्तूला आपला हात लावून सुधारायचं नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड गेला. बावीस वर्षं मुलांच्या चित्रातली नाकं सरळ केलेली बाई मी, माझी बोटं शिवशिवायची.

गिऱ्हाइकं एकेक भारी भेटली. नागभीडकडच्या एका धानवाल्या शेतकऱ्याला मी कागद आणि रंग दिले आणि म्हटलं, देव राहतो ती जागा काढा. भाऊंनी बैठक मारून दोन बांध्या काढल्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. एक करड्या रंगाची, भेगा पडलेली. दुसरी हिरवीगार, मधोमध पाण्याची चकाकी. मला वाटलं, अलीकडं दुःख आणि पलीकडं मोक्ष असं काहीतरी असेल.

"याच्याबद्दल सांगा ना भाऊ."

"हे माही बांधी. अन् हे बाजूवाल्याची." त्यांनी हिरव्या बांधीवर बोट ठेवलं. "देव तिथी राह्यते. माह्याकडे येतच नाई."

सरांनी त्या चित्रावर चार पानं लिहिली. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन पोट धरून हसले, आणि रात्री जेवताना एकाएकी वाईट वाटलं.

चिमूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक तर माझ्यावर रागावूनच बसले होते. देव वगैरे काही नाही, हे त्यांनी मला दोन तास समजावून सांगितलं, अगदी मुद्देसूद. मी माती पुढं ठेवली होती, पण तिच्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. उठताना माझं लक्ष गेलं. बोलता बोलता त्यांनी मातीचे गोळे वळून ओळीनं मांडले होते, सगळे एका मापाचे. मी विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. सर म्हणाले, हे पिंड आहेत, वडिलांचं श्राद्ध न केल्याचं मनात असणार. मी पुढच्या खेपेला भीत भीत गुरुजींना ते सांगितलं. ते म्हणाले, "पिंड कायचे? गोळे होत नं ते." आजही मला ठरवता येत नाही की दोघांतलं कोण बरोबर होतं. या कामात हे फार होतं. हात काहीतरी बोलतो आणि त्याचा अर्थ लावायला बसलेल्यांत भांडणं लागतात.

पण जी गोष्ट लिहायला मी हे सगळं मांडून बसले, ती सातव्या वर्षातली.

गडचिरोली जिल्ह्यातलं एक छोटं गाव, गोंड लोकांचं. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी तेव्हाच लिहू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांचा धर्म त्यांचा स्वतःचा. देवाची मूर्ती नाही, देऊळ नाही. गावाच्या शिवेत झाडाखाली देवाची जागा आहे, आणि पूजा भुमक करतो, म्हणजे गावाचा पुजारी. ज्याचं काही मागणं असेल तो हातानं मातीचा लहानसा घोडा करून तिथं नेऊन ठेवतो. देवाला बसायला घोडा. त्या गावात घोडा विकत आणत नाहीत, ज्याचा त्यानं करायचा.

हे सगळं मला नंतर कळलं. मी गेले तेव्हा एवढंच माहीत होतं की हे लोक देवाला आकार देत नाहीत. आणि म्हणूनच मला प्रचंड कुतूहल होतं की माती दिली तर हात काय करतील.

आठ-दहा बाया अंगणात बसल्या. सोनाबाई मडावी त्यांच्यात थोरली. नवरा गेलेला, दोन लेकी नांदायला गेलेल्या, एकटीच राहायची. थोडा धान, आणि बाकी जंगलात मिळेल ते, मोहफूल, टोळ म्हणजे मोहाच्या बिया, तेंदू. ती सगळ्यात शेवटी मातीला हात लावायला आली आणि सगळ्यात आधी तिचं झालं. वीतभर घोडा. कान दोन चिमटीत काढलेले, पाय जाड, आणि पाठीवर अंगठा दाबून केलेली एक खोलगट जागा. ती करताना गोंडीत हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मी फोनवर ते रेकॉर्ड केलं. मला गोंडी येत नाही. मला वाटलं, गाणं असेल.

"याच्याबद्दल सांगा बाई."

"घोडा हाय."

"आणि ही पाठीवरची जागा?"

"बसाची."

"कोण बसणार?"

ती माझ्याकडं बघून हसली. लहान मूल अवघड काहीतरी विचारतं तेव्हा आपण हसतो तसं. "बसन तो बसन," ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. सात वर्षांत देवाबद्दल इतकं नेमकं मी काही पाहिलं नव्हतं. देव न दाखवता त्याची बसायची जागा दाखवायची. संध्याकाळी नेहमीसारख्या सगळ्या वस्तू गोळा केल्या, चिठ्ठ्या लावल्या, कागदात गुंडाळल्या. सोनाबाईंचा घोडा उचलला तेव्हा ती उठून उभी राहिली. पण काही बोलली नाही. मी तिच्याकडं पाहिलं आणि तरी घोडा गाडीत ठेवला.

ती बोलली का नाही, ते सांगते. आमच्याकडं एक कागद असायचा: मी केलेली वस्तू केंद्राला अभ्यासासाठी देत आहे. सकाळी काम सुरू करायच्या आधी सगळ्यांची त्याच्यावर सही घ्यायची. सात वर्षं तसंच करत आलो होतो. म्हणजे जी वस्तू अजून झालीच नाही, ती आम्ही आधी लिहून घेत होतो. सोनाबाईंनी सकाळी सही केली होती, आणि सही केली म्हणजे शब्द दिला, असं मानणाऱ्यांतली ती होती. हे एका तरी वर्षी आमच्या डोक्यात यायला हवं होतं.

चंद्रपूरला घोडा बघून सर खुर्चीतून उठलेच. पुढच्या महिन्यात परिसंवाद होता, बाहेरगावचे अभ्यासक यायचे होते. "हा मधोमध ठेवायचा," ते म्हणाले. "माझा सगळा निबंध याच्याभोवती."

तीन दिवसांनी फोटोसाठी घोडा उचलताना माझ्या हातून तो टेबलाच्या कडेला लागला आणि मागचा डावा पाय तुटला. खोलीत मी एकटी होते. सुकी माती, तुकडा हरवलेला नव्हता, पण खाली पडून त्याचा चुरा झाला. मी काय करावं? सरांना सांगायला हवं होतं. मी दार लोटलं, मातीची घट्ट रबडी केली, थोडा डिंक घातला आणि नवा पाय घडवला. दोन तास खपून तो असा जुळवला की सरांनी भिंग घेऊन पाहिला तरी त्यांना कळलं नाही. सगळ्यात लाजिरवाणं हे की, मला त्या कामाचा आनंद झाला होता.

त्यानंतर आठवड्यानं फोन आला. त्या गावात रेंज नाही, टेकडीवर चढून बोलावं लागतं. सोनाबाईंना धाप लागली होती.

"बाई, मी सोना. तो घोडा कुठी हाय?"

"माझ्याकडं आहे. नीट आहे," मी म्हटलं.

"तो घेऊन या ना जी. मी करतानीच त्याले देल्ला होता, नाव घेऊन. देल्लेला घोडा शिवेबाहीर गेला. भुमक म्हनते, तो येत नाई तवरीक तू मोहाले हात लावू नोको."

ते गाणं नव्हतं तर. मी रेकॉर्डिंग करत होते तेव्हा ती घोडा देवाला देऊन टाकत होती.

ज्यांना मोहाचे दिवस ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फुलं पडतात ती पंधरा-वीस दिवस. पहाटे पडलेली सकाळी वेचायची, वाळवायची, आणि त्याच्यावर पुढं पावसाळ्यापर्यंतचं मीठ-मिरची, कपडालत्ता निघतो. वेचायच्या आधी नव्या फुलांची पूजा होते, आणि ज्याचं देवाकडं काही अडलेलं असेल त्यानं वेचायला जायचं नाही. फुलं पडायला लागून सहा दिवस झाले होते. बाकीचं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली जात होतं आणि सोनाबाई घरी बसली होती, माझ्यामुळं.

सरांना सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "परिसंवाद बारा दिवसांवर आहे. झाल्यावर लगेच नेऊ. सही आहे ना त्यांची?"

"सर, बारा दिवसांत तिचा मोहा संपेल."

"फोटोवर निबंध वाचायचा का मग?"

मला राग आला की मी बोलत नाही, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीनं निघाले. गाडीत डिकीत ठेवायची हिंमत नव्हती, आणि चालवताना मांडीवर घेता येत नव्हता. पुढं एका शेअर जीपनं फाट्यापर्यंत, तिथून चालत. सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होते: पायाचं सांगायचं की नाही. सांगितलं आणि त्यांनी घोडा नाकारला, तर सोनाबाईंचा हंगाम गेला. नाही सांगितलं, तर कोणाला कळणार होतं? सरांना भिंगातून कळलं नव्हतं. गावाच्या शिवेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, गप्प राहायचं. तिच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला समजावलं.

देवाच्या जागी भुमक होते, चैतूभाऊ, हडकुळे, कमरेला पंचा. सोनाबाई होती आणि गावातले चार-दोन. मी पहिल्यांदाच ती जागा बघत होते. झाडाच्या बुंध्याशी शंभरेक घोडे. आणि त्यातले निम्मे मोडके. कोणाला पाय नाही, कोणाला मुंडकं नाही, कितीतरी पावसानं विरघळून नुसते ढेकूळ झालेले. कोणी ते हलवलेले नव्हते, दुरुस्त केलेले नव्हते. मोडलेला घोडा आणला असता तर इथं कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

मी लुगडं सोडून घोडा सोनाबाईंच्या हातात दिला. तिनं तो डोळे मिटल्यासारखा नुसता हातांनी चाचपला, कान, पाठ, मग एकेक पाय. मागच्या डाव्या पायाशी तिचा अंगठा थांबला.

"हा पाय माह्या हातचा नोहे."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. गप्प राहायचं ठरवलं होतं ते कुठल्या कुठं गेलं.

"माझ्या हातून मोडला," मी म्हटलं. "मी दुसरा केला. कोणाला कळू नये म्हणून केला."

मग ते आपसांत गोंडीत बोलू लागले. बराच वेळ. मला एक शब्द कळत नव्हता, आणि आपल्याबद्दल, आपल्यासमोर, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं जाणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. सर सोबत असले की मीही सात वर्षं लोकांसमोर त्यांच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत तसंच तर बोलत होते.

शेवटी चैतूभाऊ माझ्याकडं वळले. "मोडला त्याचं काई नाई बाई. माती हाय, मोडनच. पन सोनानं जे देल्लं नाई, ते सोनाच्या नावावर कसं ठेवाचं?"

"मग काय करायचं भाऊ?"

त्यांनी सोनाबाईंकडं पाहिलं. तिनं घोडा छातीशी धरला, माझा तो दोन तास खपून केलेला पाय मुठीत पकडला आणि काडकन मोडला. जराही कचरली नाही. पाय माझ्या हातावर ठेवला आणि तीन पायांचा घोडा एका जुन्या घोड्याला टेकवून उभा केला. चैतूभाऊंनी पुढचं सगळं केलं. मी पाय मुठीत धरून उभी होते. रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

"याचं काय करू मी?" मी सोनाबाईंना विचारलं.

"मले काय इचारता? तुमचा हाय," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. मग तिनं विचारलं, "जेवल्या का तुमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन निघाली. मीही गेले. फुलं वेचायला वाकावं लागतं आणि माझी कंबर लवकर बोलायला लागली, पण मी सांगितलं नाही. तिचे पहिले आठ दिवस गेले होते. ते मला तिला परत देता आले नाहीत, आणि तिनं त्यांचा विषयही काढला नाही. त्याची बोच अजून आहे.

चंद्रपूरला येऊन सरांना सगळं सांगितलं, डिंकापासून. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सह्यांच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, "बाई, यापुढं सही शेवटी. आणि नाही म्हणाले तर वस्तू त्यांची." सोनाबाईंच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी त्यांच्यासमोर पुसून टाकलं. ते देणं होतं, ते ऐकायचा हक्क आम्हाला नव्हता. पुढची चार वर्षं तसंच काम केलं. वस्तू कमी जमल्या. पण लोक जास्त बोलले, आणि का ते मी अजून शोधते आहे.

परिसंवादात सरांनी मधल्या टेबलावर पांढरं कापड घालून माझा पाय ठेवला. बोटभर लांबीचा, सुबक. समोर त्यांनीच सांगून माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली: करणारीचं नाव म्हणून माझं, आणि 'कशासाठी केला' याच्यापुढं 'चूक लपवण्यासाठी'. बाहेरगावचे विद्वान वाकून वाचत होते आणि माझ्याकडं चोरून बघत होते. माझे कान तापले होते, तरी मी टेबलापासून हलले नाही.

चहाच्या वेळी एक तरुण अभ्यासक वही उघडून माझ्याजवळ आला. "मॅडम, पाय बघितला. पण मूळ घोडा कुठं बघायला मिळेल?"

"नाही मिळणार," मी म्हटलं. "तो कामावर आहे."